पांढऱ्या दोरीची बाज

सोजराबाईने दोडक्याचा वेल मांडवाच्या काठीला टेकवला, दोरीचा फेरा घातला, गाठ आवळायला जरासा हिसका दिला आणि दोरी तुटली. तिला वाटलं, टोक कुठे चिरडलं असेल. तिने दुसरा तुकडा घेतला. तोही तुटला. तिसऱ्यांदा तिने दोरी नुसती दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढून पाहिली, तर ती वाळलेल्या काडीसारखी मधूनच गेली. धड आवाजही झाला नाही.

अंबाडीची दोरी अशी तुटत नसते हो! वरवट बकालमध्ये कुणालाही विचारा. हिने बैल बांधतात, विहिरीतून भरली बादली ओढतात. आणि ही दोरी तर तिच्या घरची, नवऱ्याने, पंजाबरावने, ओट्यावर बसून वळलेली. सायीच्या रंगाची, पाहत राहावी अशी देखणी. बाजा विणून उरलेली गुंडी वाया जाऊ नये म्हणून ती मळ्यात घेऊन आली होती.

ह्याच दोरीच्या दोन बाजा पाच दिवसांपूर्वी खामगावला गेल्या होत्या. आणि त्यातल्या एका बाजेवर आज दुपारी जो माणूस निजणार होता, त्याच्या मोडलेल्या खुब्याचं पंधरा दिवसांपूर्वी अकोल्याला ऑपरेशन झालं होतं.

सोजराबाई वाफ्यातच खाली बसली. सकाळचे साडेदहा वाजले होते, मे महिन्याचं ऊन डोक्यावर चढत होतं.

ही बाई एकसष्ट वर्षांची. अंगाने काडी, तोंडाने तिखट. दोन एकरांचा मळा, त्यात वांगी, भेंडी, दोडकी, आणि कपाशीच्या कडेकडेने अंबाडीच्या ओळी. दिवाळीच्या आसपास अंबाडी कापायची, पेंढ्या बांधून पाण्यात दगडांखाली दाबून ठेवायच्या, बारा-पंधरा दिवसांनी साल सोलून धुवायची. जो लांब धागा हाती येतो तो वाख. पंजाबरावने वाखाची दोरी वळायची, सोजराबाईने बाज विणायची, असं चाळीस वर्षं चाललेलं. मधल्या काळात लोखंडी पलंग आले, फोमच्या गाद्या आल्या, प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या बाजा आल्या. तरी उन्हाळा लागला की माणसं हिच्या दारात हजर. वैशाखात फोमच्या गादीवर एक दुपार काढून पाहा, म्हणजे कळेल. पाठ शिजून निघते. बाजेला खालून वारा लागतो.

तिची एक रीत होती. बाज विणून झाली की ती लगेच कुणाला द्यायची नाही. जेवण करून भर दुपारी आधी स्वतः तिच्यावर निजायची. दोन तास, तीन तास, कूस बदलून बदलून. अंग जिथे जास्त रुतलं तिथे विणीत खोट, एवढं साधं. उठली की पुन्हा ताण द्यायची, मगच बाज दाराबाहेर. गिऱ्हाईक ओट्यावर ताटकळत बसलेलं असायचं आणि आत हिचं घोरणं चालू. पंजाबराव म्हणायचा, "हे बाज इकत नाई बाप्पा, झोप इकते." लोक हसायचे, पण चाळीस वर्षांत तिच्या हातची एकही बाज कुणाच्या अंगाखाली तुटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

रीत मोडली ती फक्त ह्या दोन बाजांच्या वेळी.

त्याचं असं झालं. खामगावचे भगवंतराव, सरकी-ढेपेचे जुने व्यापारी, न्हाणीघरात घसरून पडले आणि खुबा मोडला. त्यांची सून अनुपमा. बरीच वर्षं पुण्यात राहून आलेली, टापटिपीची, कमी बोलणारी. तिने ठरवलं, सासरे दवाखान्यातून येतील तेव्हा त्यांची समोरची खोली थंडगार आणि शांत झालेली असेल. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, दाराला बांबूचा चिक, बिनरंगी खादीच्या चादरी, कोपऱ्यात मातीचा माठ. आणि निजायला-बसायला दोन बाजा. रंग मात्र कुठलाच नको. सगळं दुधी, मातकट, फार तर राखाडी.

सोजराबाईच्या सुनेने, मयुरीने, फोनवर तिला त्या खोलीचा फोटो दाखवला तेव्हा ही कपाळाला हात लावून म्हणाली, "माय वं! या घरचा रंग उडून गेला का काय? म्या लाल-हिरव्या दोरीची फुलं टाकून देतो म्हना."

"नाई आत्याबाई, त्याईले असंच पाह्यजे. डोयाले थंड वाटते म्हनते. आता हेच चालते शहरात."

ही ऑर्डर मयुरीने आणली होती. बारावी झालेली पोरगी, नवरा शिवम चाकणला कंपनीत. सासूच्या बाजांचे फोटो काढून तिने फोनवर टाकले आणि तालुक्याबाहेरचं पहिलं गिऱ्हाईक मिळवलं. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. अनुपमाने विचारलं, "दोरी जरा काळपट दिसते. थोडी उजळ नाही का मिळणार?" मयुरी लगेच म्हणाली, मिळेल. सासूला विचारलंसुद्धा नाही.

खरं तर त्या वर्षी अंबाडी गढूळ पाण्यात भिजली होती आणि वाख तपकिरी निघाला होता. सोजराबाई दोन दिवस भाचीच्या साखरपुड्याला गेली आणि परत आली तर अंगणात तारेवर पांढराफेक वाख वाळत होता. पंजाबरावने कौतुकाने त्याची दोरी वळली. तिने विणायला घेतली. अर्ध्या विणीचा फोटो अनुपमाला गेला, तिकडून उत्तर आलं, "अप्रतिम! अगदी हेच हवं होतं." पाठोपाठ दुसरं, "कृपया बाजेवर कुणी बसू-झोपू नका, डाग पडायला नकोत." बाजा पुऱ्या झाल्या त्या दुपारी सोजराबाई पहिल्यांदा जमिनीवर चटई टाकून निजली.

"मयुरी!"

मळ्यातून घर पाच मिनिटांच्या वाटेवर. ती तीनच मिनिटांत आली होती, हातात तुटलेले तुकडे. मयुरी चुलीपाशी भाकरी थापत होती.

"वाखाले काय लावलं होतं तू?"

मयुरीने सासूच्या हाताकडे पाहिलं आणि तिचा हात परातीतच थांबला.

"बोल ना वं! काय लावलं होतं?"

"पावडर."

"कोनती पावडर?"

"विहिरीत टाकतात ना पंचायतवाले. ब्लिचिंग. म्या म्हनलं उजळ होईन. दोन रात्री भिजत घातला... आत्याबाई, म्या चांगला धुतला होता नंतर. तीन पान्यानं धुतला."

सोजराबाईने एक तुकडा तिच्यासमोर धरला आणि मोडला. मयुरीचा चेहरा उतरला. ती भाकरी तशीच टाकून उठली.

"फोन लाव खामगावले. अनुपमाताईले सांग, बाजीवर कोनाले बसू देऊ नका."

फोन लागला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. सकाळी अनुपमाने खोलीचा फोटो पाठवून खाली लिहिलं होतं, बाबांना आज सुट्टी मिळतेय, दुपारी एक-दीडपर्यंत घरी पोहोचू. म्हणजे ती आता अकोल्याला दवाखान्याच्या गडबडीत, फोन पर्समध्ये. आणि भगवंतराव तर सोजराबाईला त्यांच्या ढेपेच्या दुकानापासून चांगले ठाऊक होते. ऐंशी किलोचा माणूस. पहिल्यांदा बसेल तेव्हाच दोरी जाईल. नाही गेली तर रात्री कूस बदलताना जाईल. नव्याने बसवलेला खुबा घेऊन माणूस फुटभर खाली फरशीवर आपटेल. पुढचं तिला मनातही आणवेना.

"लिहून पाठव मंग. पाठव लवकर."

मयुरीने अंगठ्याने काहीतरी लिहिलं. "पाठवलं."

"चाल. बस भेटते सव्वाअकराची."

पंजाबराव ओसरीवर बसून वळत होता, तो म्हणाला, "अवं, जेवून तं जा." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घालून पुन्हा दोरी वळायला घेतली.

शेगावपर्यंतची बस खचाखच भरलेली. दोघींना मागच्या चाकावरची जागा मिळाली, खालून नुसती भट्टी. सोजराबाई मांडीवर पिशवी धरून बसली होती. पिशवीत दुसऱ्या, जुन्या तपकिरी दोरीची एक गुंडी आणि कोयता. दर दोन मिनिटांनी ती विचारायची, "आलं का उत्तर?" मयुरी मान हलवायची. रस्त्यात कुणी हात केला की गाडी थांबायची. एका फाट्यावर कंडक्टर खाली उतरून कुणाशी तरी बोलत उभा राहिला. सोजराबाईने खिडकीतून ओरडून त्याला विचारलं, "घरचं लगीन हाय का हो बाप्पा तथी?" लोक हसले. ती हसली नाही.

शेगावला उतरेपर्यंत सव्वाबारा झाले. खामगावच्या गाडीला अजून वीस मिनिटं होती. दोघी पंख्याखाली उभ्या राहिल्या. सोजराबाई म्हणाली, "दाखव मले. काय लिहिलं तू?"

"कायले?"

"वाच ना."

मयुरी रडकुंडीला आली. "आत्याबाई... म्या लिहिलं, नव्या बाजीले चार-पाच दिवसांनं ताण द्या लागते, त्यासाठी आमी येऊन राह्यलो. तवापर्यंत बसू नका."

"आन दोरी सडेल हाय, ते?"

"ते नाई लिहिलं."

स्टँडवर चार माणसं नसती तर सोजराबाईने तिच्या मुस्काटात दिली असती, हे अगदी खरं. मयुरी घाईघाईने बोलत सुटली. "त्याईची बहीन हाय जळगावले, तिले सहा बाजा पाह्यजेत. पुन्याची मैत्रीन विचारत होती. सगळ्याईले त्याइनंच फोटो पाठवले. आपन तथी जाऊ, ताण द्यायच्या बहान्यानं दोरी बदलून टाकू. या गुंडीत एक बाज होते ना? दुसरी दुरुस्तीले म्हनून उचलून आनू. कोनाले समजनार बी नाई. कोनाचं नुस्कान बी नाई. तुमचं नाव राहीन आत्याबाई."

आता ह्याला काय म्हणावं! बोलणं काही खोटं नव्हतं. नव्या बाजेला ताण द्यावाच लागतो. दोरी बदलता आली असती. भगवंतराव वाचले असते आणि चाळीस वर्षांचं नावही वाचलं असतं. सोजराबाईने सुनेला झापायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तिला ते पटलं होतं. स्वतःचीच लाज वाटावी इतकं पटलं होतं.

खामगावच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. मयुरीला वाटलं, सासू तिच्यावर चिडली आहे. चिडलीच होती, पण आत दुसरंच काही तिला खात होतं. साखरपुड्याहून परत आल्या दिवशी तिने तो पांढरा वाख हातात घेतला होता, तेव्हा तिच्या नाकाला विहिरीच्या पावडरीचा वास आला होता. विणायला बसली तेव्हा पहिल्याच फेऱ्यात बोटांना कळलं होतं. चांगली अंबाडी बोटाला चावते, ओढली की करकरते, उलट ओढते. ही मुकाट येत होती, जीव नसल्यासारखी. एकदा तर तिचा हात थांबलासुद्धा होता. मग मयुरीने फोन पुढे करून दाखवलं होतं, "पाहा, अप्रतिम लिहिलं." चाळीस वर्षांत तिच्या विणीला असा शब्द कुणी वापरला नव्हता. गावात फार तर म्हणायचे, बरी झाली. सोजराबाईने तो शब्द दोनदा वाचून घेतला होता आणि पुढचा फेरा घातला होता.

खामगावला उतरल्या तेव्हा एक वाजून दहा मिनिटं. रिक्षावाल्याने वाटेत एका दुकानापुढे काहीतरी सामान द्यायला रिक्षा थांबवली, तेव्हा सोजराबाईने त्याच्या पाठीत बोट खुपसलं. "चाल रे बाबा, चाल. तुह्या पाया पडतो, चाल."

घरासमोर गाडी उभी होती. गाडीची मागची दोन्ही दारं उघडी, आत कुणी नाही.

सोजराबाई पळाली. एकसष्टाव्या वर्षी, लुगड्याचा ओचा हातात धरून, दारातल्या चपलांवरून ठेचकाळत. बांबूचा चिक बाजूला सारून आत शिरली तर खोलीत अंधारासारखी गार सावली. भिजवलेल्या वाळ्याचा वास. पांढऱ्या भिंती, दुधी चादरी, सगळं फोटोत होतं तसं. आणि मधोमध तिची बाज. बाजेशेजारी चाकाची खुर्ची. खुर्चीतून भगवंतरावांना दोन माणसांनी काखेत आणि मांडीखाली हात घालून अर्धं उचललेलं. अनुपमा उशी नीट करत होती.

"थांबा!"

इतक्या मोठ्याने ओरडली ती, की उचलणारे दोघं जागच्या जागी थिजले. भगवंतराव कळवळले. "अरे, खाली ठेवा आधी, खुर्चीत ठेवा."

त्यांना परत खुर्चीत ठेवलं. अनुपमा वळली. तिच्या कपाळावर आठी. "सोजराबाई? अहो, केवढ्याने ओरडलात! काय झालं?"

सोजराबाईला धाप लागली होती. तिने तोंड उघडलं, पण त्याआधी मागून मयुरी बोलून गेली. "ताई, म्या मेसेज टाकला होता. नव्या बाजीले ताण द्या लागते. पाचव्या दिवशी. नाई दिला तं झोळ पडते."

"अगं, मग एवढं घाबरवायचं? फोन बघायला वेळ होता का मला?" अनुपमाचा राग थोडा उतरला. "किती वेळ लागेल? बाबा सकाळपासून बसून आहेत."

"दोन मिनिटं बसतो ना मी," भगवंतराव म्हणाले. खंगले होते, दाढी वाढली होती, पण डोळे खोलीभर फिरत होते, खूश होते. "पंधरा दिवस त्या रबराच्या गादीवर भाजून निघालो, सोजराबाई. डॉक्टर म्हणे लोखंडी पलंग घ्या, वर-खाली होणारा. मी म्हटलं, पलंग राहू द्या, मले वरवटच्या बाजीवर नेऊन टाका. तथी मी बरा होईन."

सोजराबाई बाजेच्या पायथ्याशी जाऊन बसली. विणीच्या टोकापासून खालच्या लाकडापर्यंत ताणाच्या दोऱ्या ओवलेल्या. त्यातली पहिली तिने हातात घेतली. मयुरी समोर उभी राहून तिच्याकडे टक लावून पाहत होती. हळू ओढा, असं ते पाहणं होतं. हळू ओढा, म्हणा की दोरी जरा कच्ची वाटते, बदलून देतो, आणि काढा बाहेर.

तिने हळू ओढली. दोरी आली. दुसरी हळू ओढली. तीही आली. देखणी दोरी, बोटांखालून रेशमासारखी सरकत होती. तिचे कान तापले होते. आता फक्त एवढं म्हणायचं होतं, ताई, आजचा दिवस तुमच्या सासऱ्यांना आतच निजवा.

"झालं ना?" भगवंतराव म्हणाले. "तुमचा हात लागला म्हणजे मले चिंता नाही."

हे ऐकलं आणि ओढता ओढता ती थांबली. तिला एकदम दिसलं ते असं, की आज हा माणूस वाचेल, जळगावला सहा बाजा जातील, त्याही पांढऱ्याच लागतील, आणि पुन्हा कधीतरी कुणीतरी वाखात काहीतरी टाकेल, आणि पुन्हा हिच्या बोटांना कळेल, आणि पुन्हा कुणी अप्रतिम म्हणेल. आणि त्या वेळी बस मिळणार नाही.

तिने उजवा पाय लाकडाला टेकवला, दोरीचे दोन वेढे मुठीला घेतले आणि बैल आवरायच्या ताकदीने मागे ओढलं.

दोरी तुटली. सोजराबाई पाठीवर आपटली. तिच्या डोळ्यांदेखत शेजारची दुसरी दोरी गेली, तिसरी गेली, आणि अख्खी वीण मधून खचली. उशी घसरत जाऊन त्या भोकातून फरशीवर पडली.

अनुपमा त्या उशीकडे पाहत होती.

मयुरी रडायला लागली. "माही चूक हाय ताई. म्याच वाखात पावडर टाकली होती, उजळ व्हावा म्हनून. आत्याबाईले माईत नव्हतं."

"चुप बस," सोजराबाई म्हणाली. ती फरशीवरून उठली नव्हती. "तिनं पावडर टाकली, हे खरं. पन माईत नव्हतं हे खोटं. ताई, मले वास आला होता. इनताना पहिल्याच येढ्याले माह्या बोटाईले समजलं होतं, हे दोरी मेली म्हनून. तुमी फोटो पाहून वाहवा केली, ते मले लय गोड लागलं. म्हनून म्या तोंड शिवून घेतलं. आन आता बी, आत येऊन, म्या तुमच्यासमोर खोटी खोटी ताण देत होती."

"तुम्हाला कळलं होतं?" अनुपमाचा आवाज बारीक झाला. "कळलं होतं आणि तुम्ही ह्या माणसासाठी ती पाठवलीत?"

"हाव."

"उचला ह्या," अनुपमा म्हणाली. "दोन्ही उचला. मला डोळ्यांसमोर नकोत."

सोजराबाईने पिशवीतून कोयता काढला. चौकटी अनुपमाच्या होत्या, सागाच्या, तिने खामगावात करून घेतलेल्या. त्या ठेवायच्या होत्या, वीण तेवढी कापून न्यायची होती. चार दिवसांचं काम कापायला दहा मिनिटंही लागली नाहीत. दुसरी बाजही कापली. मयुरी नाक ओढत दोरीचे तुकडे पिशवीत भरत होती.

भगवंतरावांनी खुर्चीतून हात पुढे केला. "एक तुकडा द्या इकडे."

तिने दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, मग दोन बोटांत धरून मोडला. आजारी माणसाच्या त्या दोन बोटांनाही जोर लावावा लागला नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू गेला. ते पंधरा दिवस दवाखान्यात वेदना सोसून आले होते आणि पुन्हा तिथेच जायला फक्त एक कूस बदलायची बाकी होती, हे त्यांना आत्ता कळलं.

"सोजराबाई," ते म्हणाले, "तुमची बस चुकली असती तं?"

सकाळपासून तिने डोळ्यांतून एक टिपूस काढलं नव्हतं. आता कोयता हातातून गळाला आणि ती तिथेच, त्या देखण्या खोलीत, कापलेल्या दोऱ्यांच्या ढिगाऱ्यात बसून मोठमोठ्याने रडली. पदरात तोंड खुपसूनही आवाज थांबेना. मयुरी कधी तिच्यापाशी येऊन बसली, तिला कळलंच नाही.

अनुपमा आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचे दोन पेले होते. एक तिने सासऱ्यांना दिला. दुसरा सोजराबाईच्या पुढे फरशीवर ठेवला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. मग त्या दोघा माणसांना म्हणाली, "बाबांना आतल्या पलंगावर घ्या. जपून."

दोघी चिकाबाहेर पडत असताना आत नेली जाणारी भगवंतरावांची खुर्ची शेजारून गेली. त्यांनी हात जोडायला वर केले होते की नुसतेच उचलले होते, ते सोजराबाईला अश्रूंतून नीट दिसलं नाही.

खामगावच्या स्टँडवर दोघी बाकावर बसल्या. शेगावची गाडी लागायची होती. मयुरीच्या फोनवर तेवढ्यात जळगावच्या बाईचा निरोप आला, बाजा नकोत म्हणून. तिने तो वाचला आणि फोन पिशवीत टाकला. मग खाली मान घालून म्हणाली, "माहं नाव निघालं, ते बराबर झालं. माही चूक होती. पन तुमाले वास आला होता, हे काऊन सांगतलं? ते तं कोनालेच माईत नव्हतं. तुमचं नाव राह्यलं असतं ना."

सोजराबाईच्या तळहातावर दोरीच्या वेढ्याचा लाल वळ उठला होता. तो ती दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चोळत होती.

"तुह्या पावडरीनं दोरी सडली, बाई," ती म्हणाली. "मानूस मेला असता तो माह्या चुप राह्यन्यानं."

गाडी लागली. मयुरीने सासूच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली आणि दोघी दाराकडे गेल्या.